सासूबाईंचं माहेरचं नाव

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई छत्तीस वर्षांच्या, बारावी शिकलेल्या, बचत गटाचं काम बघणाऱ्या. गाव आणि माणसं ओळखू येतील असं सगळं गाळून पत्र थोडक्यात देते.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सासूबाई वारल्या. मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेल्यावर सासूबाईंच्या आईचं नाव विचारलं गेलं. घरात कोणालाच सांगता येईना. सासूबाईंचं स्वतःचं माहेरचं नावही सासऱ्यांना आठवेना. लग्नात बदललं होतं, एवढंच ते म्हणाले. आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी 1955. ही बाई जन्मभर या घरात राबली आणि घराला तिचं नाव ठाऊक नाही, याची ताईंना लाज वाटली. त्यांनी दोनशेपानी वही आणली आणि गावातल्या गेलेल्या माणसांची नावं, नाती, कामं, आठवणी लिहायला घेतल्या. आजवर 61 माणसं झाली. आता लोक आपणहून हाक मारून सांगतात.

पण तीन ठिकाणी बंडी रुतली आहे. भासरे, म्हणजे मोठे दीर, म्हणतात, "मेलेल्याईच्या भानगडीत तुले काय करा लागते? तू त या गावची बी नाही." दुसरं म्हणजे, अठरा वर्षांपूर्वी गावातला एक शेतकरी आत्महत्येनं गेला. त्याची बायको म्हणते, नाव लिही, पण कसा गेला ते नको, पोराची सोयरीक जमवायची आहे. पोरगा म्हणतो, सगळं लिहा, सरकारनं माझ्या बापाला अपात्र ठरवलं, निदान तुमच्या वहीत तरी खरं राहू द्या. चुलता म्हणतो, अटॅक लिहून मोकळे व्हा. आणि तिसरं, सरपंचांना ही वही हवी आहे. स्मशानभूमीच्या शेडजवळ ग्रॅनाइटचा स्मृतिफलक बसवायचा, देणगी देणाऱ्या घरांची नावं वर, बाकीची खाली, असा विचार आहे. ताई विचारतात, "वही पुढं लिहू, की पेटीत टाकू? आणि त्या घराचं काय लिहू?"

ताई,

तुमच्या भासऱ्यांचं ते वाक्य पत्रात दोनदा आलं आहे. एकदा सुरुवातीला, आणि एकदा शेवटी, सही करण्याआधी. म्हणजे ते लागलेलं आहे. म्हणून आधी तेच घेऊ.

वही उघडा आणि त्या 61 नावांतल्या बायका मोजा. मग त्यांतल्या किती जणी याच गावात जन्मल्या ते मोजा. गावातल्या गावात सोयरीक झालेली एखादी सापडेल. बाकी सगळ्या तुमच्यासारख्याच, पेटी आणि गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन दुसऱ्या गावाहून आलेल्या. भासऱ्यांची आई तशीच, त्यांची आजीही तशीच. बाहेरून आलेल्या बाईला या गावातल्या मेलेल्यांशी घेणं-देणं नाही म्हटलं, तर गावातली निम्मी मेलेली माणसं गावची नाहीतच. हे तुम्ही त्यांना तोंडावर सांगावं असं मी म्हणत नाही, घरात राहायचं आहे तुम्हाला. पण स्वतःला सांगा.

आणि उलटही बघा. या गावात जन्मलेल्या मुली कुठं कुठं सुना म्हणून गेल्या आणि तिथंच वारल्या. त्या तुमच्या वहीत नसणार. त्यांच्या सासरच्या गावात कोणी अशी वही घातली असेल, तर तिथंही त्या अमक्याची बायको, तमक्याची माय एवढ्याच असतील. आपल्याकडे बाई एका गावाच्या कागदावर जन्मते आणि दुसऱ्या गावाच्या कागदावर मरते. मधे नाव बदलतं. दोन कागदांची गाठ कोणी मारत नाही.

तुम्ही कधी जुनं कोतवाल बुक पाहिलं आहे का? जात पडताळणीच्या निमित्तानं विदर्भातल्या घरोघरी आता हा शब्द माहीत झाला आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा आणि आजा-पणजाच्या जन्माची नाहीतर मृत्यूची नक्कल काढायची. त्या नोंदींत बापाचं नाव असतं, जात असते, तारीख असते. पण बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच. "अमक्यास मुलगी झाली", संपलं. नाव ठेवायच्या आधी नोंद व्हायची, आणि नंतर ते भरायला कोण येतो?

माझ्या आजीचंही असंच. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं सासरचं नाव होतं आणि आम्हाला तेवढंच ठाऊक. ती गेल्यावर काही वर्षांनी घराची भांडी वाटताना एक पितळी गुंड निघाला. घासून घासून पातळ झालेला. त्याच्या गळ्याजवळ टिंबाटिंबांनी कोरलेलं एक नाव, त्याखाली तिच्या बापाचं नाव आणि गाव. आंदणात आलेला गुंड. ते नाव आमच्यापैकी कोणी कधी ऐकलं नव्हतं. ती रोज त्याच गुंडानं पाणी भरायची. ते नाव इथं लिहीत नाही, ते घरचं आहे. पण तेव्हापासून कोणाच्याही घरी जुनी भांडी दिसली की मी चोरून वाचते.

तुम्हीही वाचा. तेरवीला वाटलेल्या ताटल्या-वाट्यांवर "यांच्या स्मरणार्थ" असं तारखेसह कोरलेलं असतं. समाजाच्या भांड्यांत मोठे गंज, म्हणजे पातेली, असतात, त्यांवरही असतं. बसथांब्याचा बाक, शाळेची पाण्याची टाकी, देवळातली घंटा. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवरही नावं असतात. पंखा फिरायला लागला की वाचता येत नाहीत, म्हणून भारनियमनात जा. जिल्हा परिषद शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर मुख्याध्यापकांच्या समोर बसून बघता आलं तर बघा. त्यात जन्मतारीख कितपत खरी हा प्रश्नच आहे. गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून कानाला लागतो का ते बघून लिहिलेल्या त्या तारखा. तरी त्या एकसारख्या 1 जानेवारीपेक्षा बऱ्या. आधारच्या हिशेबानं आपल्या गावांतले कितीतरी म्हातारे एकाच दिवशी जन्मलेत.

आता त्या घराकडे येते. तिथं मला तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे.

तुम्ही लिहिता, "खरं लिहू की खोटं लिहू, हेच कळत नाही." ताई, तुम्ही हा प्रश्न मरणाचा केला आहे. तो माणूस पस्तीस-चाळीस वर्षं जगला असेल. त्यातला एक दिवस त्याच्या मरणाचा. बाकीच्या हजारो दिवसांचं तुमच्या वहीत काय आहे? पत्रात त्याच्याबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्या आहेत आणि चारही ओळी त्याच्या मरणाच्या आणि त्यानंतरच्या आहेत. तो पोळ्याला झडत्या म्हणायचा का? बैल कोणते होते, त्यांची नावं काय? सरकी टोबताना, म्हणजे एकेक बी पुरताना, त्याची ओळ सरळ यायची की वाकडी? बायकोला बाजारातून काय आणायचा? उधारी कोणाला द्यायचा? गावाला त्याचं मरण तोंडपाठ आहे आणि तो माणूस पुसत चालला आहे.

असं एकट्या त्याचंच झालेलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांचं नाव आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं. 19 मार्च 1986 ला ते, त्यांची पत्नी आणि चार मुलं आत्महत्येत गेली. त्या तारखेला अनेक लोक आज एक दिवस अन्नत्याग करतात. ते करायलाच हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण एक अख्खं घर एका तारखेत मावलं. त्या चार मुलांना काय आवडायचं, हे विचारायला आपण फार उशिरा आलो. तुमच्या गावातल्या घराच्या बाबतीत अजून उशीर झालेला नाही, त्याची बायको आहे, भाऊ आहे, सोबती असतील.

म्हणून माझं मत असं. तुमच्या वहीत मरणाचं कारण कोणाचंच लिहू नका. 61 पैकी कोणाचंच नाही. साप चावला, ताप आला, दवाखान्यात गेले, म्हातारपणानं गेले, यातलं काहीही नको. जे लिहिलं आहे त्यावर पट्टी लावा किंवा पान नव्यानं उतरवा. साठ जणांचं कारण लिहायचं आणि एकाचं गाळायचं, तर ती मोकळी जागाच ओरडून सांगते. सगळ्यांचंच नसलं की त्या बाईच्या नवऱ्याची जागा तेवढी मोकळी दिसत नाही. आणि चुलता म्हणतो तसं अटॅक लिहू नका. न लिहिणं वेगळं आणि खोटं लिहिणं वेगळं. उद्या तो पोरगा वही वाचेल, तेव्हा त्याला त्याच्या बापाच्या पानावर खोटं सापडायला नको.

यात काही हातचं जातं, हे मला कळतं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. कशानं गेले हे कोणी मांडलंच नसतं, तर त्या मरणांचा हिशेब कोणी मागितला नसता. बाळंतपणात गेलेल्या बाया, साप चावून गेलेले, विजेच्या तारेनं गेलेले, हे गावाला कळायला हवं. ते तुम्हाला लिहायचं असेल तर वेगळ्या कागदावर, नाव न घालता, नुसते आकडे लिहा. गेल्या तीस वर्षांत आपल्या गावात साप चावून इतके, बाळंतपणात इतक्या. तो कागद ग्रामसभेत ठेवता येईल, आरोग्य उपकेंद्रात दाखवता येईल. बचत गटाच्या बाईला तो जमेल. पण तो कागद आणि ही वही एकात एक घालू नका.

मग पोराचं काय? त्याचा राग खरा आहे. "अपात्र" हा शब्द त्या पोरानं शाळेत असल्यापासून ऐकला असणार. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. 2005-06 च्या सुमारास ठरलेल्या सरकारी नियमांनी अशा घराला एक लाखाची मदत मिळायची, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण ती "पात्र" प्रकरणाला. जिल्हा समिती बघायची की कर्ज बँकेचं, सोसायटीचं, परवानाधारक सावकाराचं होतं का, थकलं होतं का, नापिकी होती का. ज्यानं पाव्हण्याकडून घेतलं, गावातल्या बिनपरवान्याच्या सावकाराकडून घेतलं, कृषी केंद्रवाल्याकडे उधारी केली, त्याच्याकडे दाखवायला कागद नसायचा. कागद नाही म्हणून प्रकरण अपात्र. फाइलवर तो शब्द प्रकरणाला लागतो. गावात तो माणसाला लागतो. "त्याचा बाप अपात्र झाला," असं लोक सहज बोलून जातात.

पण त्या शब्दाचा निकाल तुमच्या वहीत लागणार नाही. त्याला हवं ते काम वेगळ्या अर्जाचं आहे. बापाच्या प्रकरणाची कागदपत्रं तो माहितीच्या अधिकारात तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे मागू शकतो. समितीनं काय लिहिलं, चौकशीत कोणाचे जबाब घेतले, ते त्याला वाचता येईल. वाचून बरं वाटेल याची खात्री नाही. पण जे आपल्या बापाबद्दल लिहून ठेवलं आहे ते वाचायचा हक्क त्याचा आहे. अर्ज लिहायला तुम्ही मदत करा. आणि त्याला म्हणा, तुझ्या बापाबद्दल तुला जे सांगायचं ते तू लिही, तुझ्या अक्षरात, तुझ्या वहीत, तुझ्या घरात ठेव. त्याच्या मायला ते कधी आणि कोणाला दाखवावंसं वाटेल, तेव्हा ती दाखवेल. न दाखवेल तर तेही तिचंच.

मी तिच्या बाजूनं कौल देते आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पोरानं बाप गमावला, हे खरं. पण त्या दिवसानंतर पोलीस आले, तलाठी आले, पत्रकार आले, नेते आले, आणि प्रत्येकानं त्या बाईला एकच विचारलं. का केलं? दरवेळी तीच उत्तर देत गेली. आता तिला एकदा उत्तर द्यायचं नाही. सोयरीक हे तिनं पुढं केलेलं कारण आहे. मुलीकडचे पाहुणे चौकशी करतातच आणि ज्यांना कळायचं त्यांना कळलेलंच असणार, हे तिलाही ठाऊक आहे. कारण खरं नसलं तरी नकार खरा आहे.

एक शेवटचं त्या घराबद्दल. पोरगा बापाबद्दल बोलताना स्वतःबद्दल बोलायला लागला, झोप नाही, जीव लागत नाही, सगळं नको झालं असं काही म्हणाला, तर वही बाजूला ठेवा. विषय बदलू नका, सरळ विचारा, आणि त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या आशाताईंनाही माहीत असेल. वही लिहिणाऱ्या कोणालाही हा क्रमांक जवळ ठेवावा लागतो, कारण गेलेल्यांचं विचारायला आपण जातो आणि उरलेल्यांचं ऐकून येतो.

आता फलक. सरपंचांचा हेतू वाईट असेल असं मी धरत नाही. पण माझा पहिला प्रश्न, शेड कोणत्या स्मशानात आहे? आपल्या कितीतरी गावांत समाजासमाजाची स्मशानं वेगळी आहेत. कोणी जाळतं, कोणी पुरतं. बौद्ध घरांत तेरवी नसते, जलदान आणि पुण्यानुमोदन असतं. मुस्लिम घरांची दफनभूमी गावाच्या दुसऱ्या टोकाला. पारधी बेड्यावरचे, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचे, कुठं जातात ते गावाला माहीतही नसतं. एका स्मशानाच्या शेडजवळ फलक लावला की तो गावाचा राहत नाही. तुमच्या 61 मधे बेड्यावरचं कोण आहे? सालदार म्हणून आला आणि इथंच वारला असा कोणी आहे का? पाळण्यातच गेलेली लेकरं? हे टोमण्यानं विचारत नाही. पहिली नावं आपल्या ओळीतल्या घरांचीच सुचतात, माझीही तशीच सुचली असती.

दुसरं, दगडाचं. नागपूरजवळ काटोल रस्त्याला जुनापाणी आहे. तिथं मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, शेकड्यानं, अडीच हजार वर्षांच्या आसपासची. मेलेल्यांसाठी मांडलेली. त्याच काळातल्या माहुरझरीच्या वर्तुळांत घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे दागिने सापडले. घोड्याचा साज टिकला आणि त्या माणसाचं नाव कोणालाच माहीत नाही. आणि भामरागडकडच्या माडिया गावांत आजही माणसाच्या नावानं दगड उभा करतात. त्यावर एक अक्षर नसतं. तरी गावातला म्हातारा बोट दाखवून सांगतो, हा अमक्याचा. म्हणजे दगड दोन्हीकडे आहे. सांगणारा एकीकडेच आहे.

ग्रॅनाइटची आणखी एक अडचण अगदी साधी आहे. फलक उद्घाटनाच्या दिवशी पुरा होतो आणि माणसं त्यानंतरही मरत राहतात. दोन वर्षांनी नवं नाव कोरायला तालुक्याहून माणूस कोण आणणार? आणि देणगीदारांची नावं वर, बाकीची खाली, हा भाग तर सोडूनच द्या. जिवंतपणी पंगतीत जे खालच्या ओळीत बसले, त्यांना मेल्यावर पुन्हा तिथंच बसवायचं. फलक लावायचाच असेल तर मृत्यूच्या तारखेनं क्रम लावा, सगळ्यांची अक्षरं सारखी, आणि जागा ग्रामपंचायतीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीची. एवढं सरपंच मान्य करतील तर नावांची यादी द्या. वही देऊ नका. वहीतल्या आठवणी लोकांनी तुम्हाला सांगितल्या आहेत, ग्रामपंचायतीला नाही.

फलकापेक्षा मला दुसरं एक सुचतं. वर्षातून एकदा त्या वर्षी गेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचा. अक्षय तृतीयेला हिंदू घरांत घागरी भरतात, चिंचोणी आणि आमरस करून पितरांना जेवू घालतात. तो घराघराचा दिवस आहे, तो तसाच राहू द्या. गावाचा दिवस वेगळा धरा. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा चांगली. कोरम भरेपर्यंत तसंही अर्धा तास कोणी काही करत नाही. वर्षभरात गेलेल्यांची नावं, प्रत्येकामागं एक ओळ, आणि मग दोन मिनिटं गप्प. दरवर्षी मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला संध्याकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी हजारो माणसं जागच्या जागी उभी राहतात ना, तेवढं आपल्या लोकांना जमतं. तुमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळ असेल तर त्यांच्यातलाच कोणी वाचायला उभा राहील. नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडच्या लोकांनी 30 जुलै 1991 चा पूर असाच धरून ठेवला आहे. वर्धा नदीनं एका दिवसात दोनशेवर माणसं नेली, आणि त्या तारखेला तिथं लोक अजून जमतात. तुमच्या गावात असा पूर आलेला नाही. माणसं एकेक करून गेली, म्हणून कोणी जमलं नाही, इतकंच.

ती एक ओळ कशी लिहायची ते सांगते, कारण ज्या वाचकांना आपल्या गावची वही घालायची आहे त्यांचं इथंच अडतं. "मनमिळाऊ, परोपकारी, धार्मिक वृत्तीचे" असं लिहू नका. तसे सगळेच असतात, व्हॉट्सॲपवरच्या श्रद्धांजलीत तर हमखास. ज्याच्याबद्दल विचारता त्याचं काम विचारा. वखर कोणाचा चांगला चालायचा, सोंगणीला कोणाच्या हाताला हात लागायचा नाही, बाळंतिणीला तेल लावायला कोणाला बोलवायचे. मोठ्या माणसांना "कसे होते?" विचारलं की ती "चांगले होते" म्हणतात. "कशावरून चिडायचे?" विचारा, मग हसतात आणि खरं सांगायला लागतात. फोनवर आवाज भरून घ्या, पण आधी विचारून. फोटो बहुतेकांचा नसतोच, आधारचा मोठा करून चौकटीत लावलेला असतो. लग्नाच्या सामूहिक फोटोत माणूस तरुणपणाचा सापडतो. मोबाइलनं त्याचा फोटो घेऊन मूळ लगेच परत करा. न्यायला दिलेला फोटो परत येत नाही हा प्रत्येक घराचा अनुभव आहे, तुमच्यावर तो ठपका नको.

आणि ज्याचं आठवत नाही त्याचं पानही ठेवा. नाव आणि खाली मोकळं पान. पुढं कोणीतरी येऊन भरतं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. आपल्याकडे अशा कुठल्याही वहीत नाती आली की तिसऱ्या दिवशी कोणीतरी वारसाच्या भांडणासाठी ती मागायला येतो. पहिल्या पानावर लिहून टाका की ही आठवणींची वही आहे, नात्यांचा किंवा वारसाचा पुरावा नाही. दुसरी बायको, सोडलेली बायको, दत्तक घेतलेलं लेकरू, अशा ठिकाणी त्या घरातल्या माणसानं सांगितलं तेवढंच लिहा आणि कोणी सांगितलं तेही लिहा. आधार क्रमांक, दाखल्यांच्या झेरॉक्स वहीत चिकटवू नका. ज्यांच्या मृत्यूची नोंदच झालेली नाही अशी घरं या फिरण्यात भेटतील, विशेषतः म्हाताऱ्या बायकांची. त्यांना सांगा की नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, तेव्हा फारसा त्रास नसतो. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि चकरा सुरू होतात. निराधार पेन्शन, फेरफार, बँकेतले चार पैसे, सगळं त्या एका दाखल्यावर अडतं. तुमच्या वहीचा हा उपयोग भासऱ्यांनाही पटेल. तो त्यांना सांगाच.

तर वही पेटीत टाकू नका. पण थोडे दिवस नवीन पान घालणंही थांबवा. तुमच्याच पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे. 61 माणसांचं तुम्ही लिहिलं, आणि सासूबाईंचं माहेरचं नाव अजून मिळालेलं नाही. मिळालं असतं तर तुम्ही पत्रात लिहिलं असतं. त्यांच्या माहेरी कोण आहे? भाऊ नसेल तर भाचा असेल. लग्नात कोणाकोणाला नेसवलं होतं हे सांगणारी एखादी म्हातारी असेल. तिथल्या शाळेत त्या दुसरीपर्यंत जरी गेल्या असतील, तरी दाखल-खारीजमधे नाव असणार. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पेरणीच्या घाईचे दिवस असतात, घरातून निघणं अवघड. तरी एक दिवस काढा. जमलं तर सासऱ्यांना सोबत न्या. आणि निघण्याआधी घरातले जुने गुंड एकदा उलटे करून बघा.